प्रश्नपेटी : कामाच्या नोंदी

३ जून
लोकांनी प्रश्न लिहून पेटीत टाकलेल्या, साचलेल्या चिठ्ठ्या आज टेबलावर ओतल्या. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि भूशास्त्र असे तीन ढीग करायचे होते. थोड्याच वेळात चौथा ढीग उभा राहिला, ‘नक्की कोणाचा ते कळत नाही’ असा. समुद्र खारट का, हा प्रश्न खडकांचा की रसायनांचा? अंगावर काटा येतो तो कातडीचा विषय की उष्णतेचा? शेवटी ढीग मोडले. विचारणाऱ्याला विषयांमधल्या भिंती ठाऊक नसतात, आपणही त्या त्याच्यापुढे उभ्या करू नयेत.

वाटणी अशी: प्रकाश, उष्णता, गती वगैरे एम.एस्सी. करणाऱ्या आमच्या तरुण मित्राकडे. शरीर आणि झाडं ताईंकडे. जमिनीखालचं सगळं सरांकडे. माझ्याकडे भाषा, आकड्यांची पडताळणी आणि भांडणं सोडवणं. उत्तराचा साचा मुद्दाम ठरवला नाही. आधी चार उत्तरं लिहून होऊ देत.

५ जून
आकाश निळं का? सर्वांत जास्त चिठ्ठ्या याच. मित्राचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘रॅले विकिरणामुळे.’ ताईंनी कागद परत केला. “अरे, हे उत्तर नाही, हे नुसतं नाव झालं.”

मग त्याने नीट लिहिलं. तरंगलांबी जितकी लहान, तितका प्रकाश हवेच्या रेणूंकडून जास्त विखुरला जातो, आणि हे वाढणं चौथ्या घाताच्या हिशेबाने होतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतो. सूर्य सोडून आकाशात दुसरीकडे कुठेही पाहिलं तरी डोळ्यांत येतो तो हा विखुरलेला प्रकाश.

छान झालं म्हणेपर्यंत ताईंनी विचारलं, “मग जांभळं का नाही? त्याची तरंगलांबी तर आणखी लहान.” बरोबरच आहे. त्याच नियमाने ४०० नॅनोमीटरचा जांभळा ७०० च्या गडद तांबड्याच्या नऊपट विखुरायला हवा. म्हणजे एवढाच नियम सांगून थांबलो तर आपल्या उत्तरातून आकाश जांभळं निघतं! उरलेलं अर्धं उत्तर सूर्यात आणि डोळ्यात आहे. सूर्यप्रकाशात जांभळ्याचा वाटा निळ्यापेक्षा कमी असतो. शिवाय डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जांभळ्याला फार क्षीण प्रतिसाद देतात. विखुरलेल्या सगळ्या रंगांची बेरीज आपल्याला फिकट निळी भासते.

सरांनी एक पुरवणी जोडली. सूर्य मावळल्यावरही डोक्यावरचं आकाश निळं राहतं, त्यात मोठा हात ओझोनचा असतो. तो नारिंगी-तांबडा भाग शोषून घेतो. एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये हे दाखवून दिलं. मुख्य उत्तरात हे नको, पण हाताशी असू दे.

यातून नियम निघाला. प्रत्येक उत्तराला आपल्यापैकी कोणीतरी निदान एक ‘मग?’ विचारायचा. तो झेपला तरच उत्तर बाहेर जाईल.

९ जून
‘रक्त शरीरात निळं असतं आणि हवा लागली की लाल होतं, खरं का?’ नाही. प्राणवायू कमी असलेलं रक्तसुद्धा लालच असतं, जरा काळपट. त्वचेत शिरलेला निळा प्रकाश फार खोल न जाता परततो. तांबडा खोलवर, शिरेपर्यंत पोचतो आणि तिथल्या रक्तात बराचसा शोषला जातो. शिरेच्या जागेवरून तांबडा कमी परतला, की आजूबाजूच्या कातडीच्या मानाने ती रेघ निळसर दिसते. मग धमन्या निळ्या का दिसत नाहीत? त्या बहुतेक खोलवर असतात, भिंतीही जाड. पास.

१२ जून
बर्फ निसरडा का? मित्राने पाठ असलेलं उत्तर दिलं: दाबामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, पावलाखाली पाण्याचा थर तयार होतो आणि आपण घसरतो. हे उत्तर इतक्या ठिकाणी छापलेलं आहे की त्याला कोणी ‘मग’ विचारतच नाही. आज मी विचारला, आकड्यांत.

बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांएवढा दाब लागतो (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब). ६० किलोचा माणूस स्केटच्या एका पात्यावर उभा आहे आणि पातं २० सेंटिमीटर लांब, ३ मिलिमीटर रुंद आहे असं धरू. दाब येतो जेमतेम १० वातावरणं. वितळणबिंदू एक दशांश अंशसुद्धा सरकत नाही. पात्याचा दहावा भागच टेकतो असं मानलं तरी एक अंश भरत नाही, आणि लोक तर उणे १० अंशांत मजेत स्केटिंग करतात. साधा बूट घालूनही घसरतात, तिथे दाब आणखी कितीतरी कमी.

मित्र थोडा हिरमुसला, मग स्वतःच शोधायला बसला. फॅरडेने १८५० मध्येच सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा एक पातळ थर असतो. बर्फाचे दोन तुकडे टेकवले की चिकटतात, यावरून त्याने तो ताडला. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या रेणूला वरून कोणी धरून ठेवत नाही, म्हणून तो सैल असतो. दुसरं कारण घर्षणाचं. बाउडेन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये दाखवलं की घसरताना घर्षणाने निर्माण होणारी उष्णता वरचा थर वितळवते. या दोहोंचा वाटा किती, यावर अजूनही संशोधन चालू आहे, आणि उत्तरात तसं स्पष्ट लिहिलं.

मग बर्फ जितका गरम तितका निसरडा का? तसं नाही. सर्वांत निसरडा तो उणे ७ अंशांच्या आसपास असतो. शून्याजवळ बर्फ मऊ पडतो आणि घसरणारी वस्तू त्यात रुतायला लागते. पास.

१८ जून
आजचा दिवस ढगांचा. चिठ्ठी अशी: ‘ढगात पाणी असतं तर तो खाली का पडत नाही?’ हस्ताक्षर लहान मुलाचं. मला विचाराल तर आतापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रश्न.

‘ढग हलका असतो’ हे उत्तर आम्ही कोणीच देणार नव्हतो. तरी तो हलका नाही म्हणजे किती, ते काढून बघितलं. पांढऱ्या कापसासारख्या साध्या ढगात घनमीटरमागे अर्धा ग्रॅम पाणी धरता येतं. ढग लांबी-रुंदी-उंचीने एकेक किलोमीटर असला तर एकूण पाणी झालं ५०० टन. हा आकडा ऐकून मित्र म्हणाला, “प्रश्न आणखी अवघड करून ठेवलात तुम्ही!” पण त्याच घनात हवा किती आहे? दर घनमीटरला साधारण एक किलो, म्हणजे १० लाख टन. दोन हजार भाग हवेत एक भाग पाणी, तेही चूर करून पसरलेलं. ५०० टन एकाच जागी नाहीत, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट थेंबाच्या आकाराची, आणि खरं उत्तर तिथे आहे. ढगातल्या थेंबाची त्रिज्या असते १० मायक्रोमीटरच्या आसपास. एवढ्या लहान थेंबाला हवेचा अडथळा लगेच तोलून धरतो आणि तो सेकंदाला १ सेंटिमीटरच्या जरा वर अशा वेगाने उतरत राहतो. म्हणजे ढग पडतच असतो! एक किलोमीटर खाली यायला त्या थेंबाला जवळजवळ अख्खा दिवस लागेल. प्रत्यक्षात ढगाखालून वर चढणारी हवा याहून कितीतरी वेगाने येत असते, तेव्हा थेंब उलट वरच जातो. जो तळाखाली निसटतो तो कोरड्या हवेत विरून जातो. कवडशात दिसणारी धूळ जशी खोलीभर तरंगत राहते, तसंच हे. धूळही हवेपेक्षा जड आहे.

मग पाऊस कसा पडतो? इतक्या लहान थेंबांच्या बाबतीत त्रिज्या दुप्पट झाली की पडण्याचा वेग चौपट होतो. थेंब एकमेकांना गिळत मोठे झाले, किंवा थंड ढगात बर्फाचे कण वाढून वितळले, की एक मिलिमीटर त्रिज्येचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. असा एक थेंब घडायला ढगातले दहा लाख थेंब लागतात. त्रिज्या शंभरपट, म्हणून आकारमान दहा लाखपट. हा हिशेब त्या मुलाला स्वतःला करता येईल, म्हणून तेवढा गाळून पाठवायचं ठरलं. सरांना हे पसंत नव्हतं. मला आहे.

२४ जून
ऋतू पृथ्वी सूर्याजवळ गेल्याने होतात का? नाही. ती सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५ कोटी २१ लाख. कारण आहे आसाचा २३.४ अंशांचा कल. मग अंतराने काहीच फरक पडत नाही? पडतो, मिळणाऱ्या सूर्यप्रकाशात सुमारे ७ टक्के. कलामुळे पडणाऱ्या फरकापुढे तो दबून जातो.

२७ जून
पाण्यात राहून बोटांना सुरकुत्या का पडतात? पाणी कातडीत मुरतं आणि ती फुगते, अशी सर्वसाधारण समजूत. ताईंनी याच्याविरुद्ध एकच पुरावा ठेवला आणि तो पुरेसा आहे. बोटाची नस, म्हणजे चेतातंतू, तुटलेली असेल तर त्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत. लुईस आणि पिकरिंग यांच्या १९३६ च्या लेखनात याची नोंद आहे. नुसतं मुरणं असतं तर कातडीला नसेशी काय देणंघेणं! प्रत्यक्षात चेतासंस्था बोटाच्या टोकाच्या रक्तवाहिन्या आकसते, आतलं आकारमान घटतं आणि वरची कातडी आत ओढली जाते. नस शाबूत आहे का ते पाहायला हातावर उपचार करणारे डॉक्टर हीच खूण वापरत आले आहेत.

मग शरीर हे करतं कशासाठी? २०१३ च्या एका प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तू जास्त पटकन हलवता आल्या. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात तसा फायदा दिसला नाही. ‘पकड सुधारते’ असं ठासून लिहायचं मित्राच्या मनात होतं. ताईंनी ‘बहुधा’ घातलं. ‘बहुधा’ राहिलं.

३ जुलै
चिठ्ठी एका आजोबांची: ‘एवढं मोठं झाड वाढतं, मग बुंध्याशी खड्डा का पडत नाही?’

ताई खूश. हाच प्रश्न व्हॅन हेल्माँटने सतराव्या शतकात तराजूवर घातला होता. २०० पौंड कोरडी माती, ५ पौंडांचं विलोचं रोप, आणि वरून फक्त पाणी. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती घटली ती जेमतेम दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापला गेला. मातीबद्दल तो बरोबर होता, पण हवा त्याने हिशेबात धरली नव्हती.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला. हवेत हा वायू दहा लाख भागांत ४२० च्या थोडा वर. एक घनमीटर हवेतून कार्बन मिळतो पाव ग्रॅमहूनही कमी. म्हणजे दोन किलो लाकडाचा एक किलो कार्बन जमवायला झाडाला सुमारे ५ हजार घनमीटर हवा गाळून काढावी लागते. पानं इतकी, आणि इतकी पसरलेली का, याचं उत्तर या आकड्यातच मिळतं. मातीतून आलेली खनिजं म्हणजे लाकूड जळल्यावर उरणारी राख, मूठभर.

मग झाड सोडतं तो प्राणवायू त्याच कार्बन डायऑक्साइडमधला का? नाही, तो पाण्यातला. रुबेन, केमन आणि सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्राणवायूचा जड समस्थानिक वापरून हे दाखवलं.

८ जुलै
त्याच आजोबांची दुसरी चिठ्ठी. उत्तर पोचलं म्हणायचं. ‘झाड हवेतून वजन घेतं, तर माणूस बारीक होतो तेव्हा त्याची चरबी हवेत जाते काय?’

हो, जाते! आम्हाला काही नवं लिहावंच लागलं नाही, आजोबांनी उत्तर स्वतःच काढलं होतं. फक्त आकडे दिले. १० किलो चरबी शरीरात पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. चरबी ‘उष्णता होऊन उडून जाते’ असं बरेच जण समजतात. ऊर्जा बाहेर पडते हे खरं, पण अणू कुठेतरी जावेच लागतात.

ताई म्हणाल्या, यापुढे उत्तर कसं झालंय ते आजोबांच्या चिठ्ठीवरून ठरवू. सरांनी मान हलवली. सरांची मान सहजासहजी हलत नाही.

१५ जुलै
गरम पाणी गारपेक्षा आधी गोठतं का? १९६३ मध्ये टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बा या विद्यार्थ्याला आइस्क्रीमचं मिश्रण गोठवताना हे दिसलं, आणि १९६९ मध्ये डेनिस ऑसबोर्न यांच्यासह त्याने ते प्रसिद्ध केलं. २०१६ मध्ये बरिज आणि लिंडेन यांनी काटेकोर मोजमापं केली, तेव्हा असा परिणाम असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तापमापक एखादा सेंटिमीटर वरखाली झाला तरी निकाल बदलतो, असंही त्यांनी दाखवलं. बाष्पीभवन, पाण्यातले प्रवाह, विरघळलेले वायू अशी कारणं पुष्कळांनी सुचवली आहेत. आमचं उत्तर: वाद मिटलेला नाही, आणि आधी ‘गोठणं’ म्हणजे पहिला स्फटिक की पूर्ण दगड, ते ठरवल्याशिवाय मिटणारही नाही.

२१ जुलै
भरती दिवसातून दोनदा का? चंद्राकडच्या बाजूचं पाणी ओढलं जातं हे सगळ्यांना पटतं, पलीकडच्या बाजूच्या फुगवट्यावर गाडी अडते. मित्राने आज सुरेख लिहिलं. चंद्र जवळच्या पाण्याला पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढतो आणि पलीकडच्या पाण्याला मध्यापेक्षा कमी. मध्याच्या तुलनेत एक पुढे सरकतं, दुसरं मागे राहतं. भरती घडवतो तो ओढीतला हा फरक.

मग सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पटींहून जास्त जोराने ओढतो, तरी भरतीत त्याचा हात निम्म्याहून कमी का? कारण तो लांब आहे, आणि हा फरक अंतराच्या घनाने घटतो. सूर्याचा वाटा चंद्राच्या सुमारे ४६ टक्के. दोन भरत्यांमधलं अंतर १२ तास २५ मिनिटं, कारण पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी होईतो चंद्रही पुढे सरकलेला असतो. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती येते. तिथे समुद्राच्या खोऱ्याचा आकार आपलं गणित चालवतो.

४ ऑगस्ट
‘पृथ्वी आतून अजून गरम कशी?’ हा प्रश्न बरेच दिवस सरांनी राखून ठेवला होता.

गोष्ट सुरू होते भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनपासून. १८६२ मध्ये त्याने हिशेब केला की वितळलेली पृथ्वी नुसत्या वहनाने थंड होत आजच्या स्थितीला आली असेल तर तिचं वय २ ते ४० कोटी वर्षं असावं. पुढे तर त्याने ते २ ते ४ कोटींवर आणलं. भूशास्त्रज्ञांना हे पटेना, पण गणित खोडता येईना. नेहमी सांगितली जाणारी पुढची गोष्ट अशी: किरणोत्सार सापडला, पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा नवा साठा मिळाला आणि केल्व्हिन चूक ठरला. मित्राच्या कच्च्या उत्तरात हेच होतं.

सर म्हणाले, “थांब. ती उष्णता केल्व्हिनच्याच गणितात घालून बघ.” घातली. वय फारसं वाढत नाही, कारण त्या गणितात इतक्या काळात वरच्या शे-दीडशे किलोमीटरांचीच उष्णता बाहेर येते. खरी खोट दाखवली जॉन पेरी यांनी, १८९५ मध्ये, म्हणजे किरणोत्साराच्या शोधाच्या आदल्या वर्षी. ते केल्व्हिनचेच जुने सहायक. पृथ्वीचं अंतरंग दगडासारखं ताठ न राहता सावकाश वाहत असेल तर खोलवरची उष्णता वर येत राहते, पृष्ठभागाजवळचा तापमानाचा उतार (खोल जावं तसं तापमान वाढण्याचा दर) टिकून राहतो आणि वय दोनतीन अब्ज वर्षांपर्यंत जाऊ शकतं. पेरींकडे तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. ४.५५ अब्ज वर्षं हा आकडा क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्केतल्या शिशावरून काढला.

आजचं चित्र: पृथ्वीतून सुमारे ४७ टेरावॉट उष्णता बाहेर पडते. काही भाग जन्माच्या वेळची, काही युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या क्षयातली. जमिनीखालून येणारे न्यूट्रिनो, म्हणजे किरणोत्सारात सुटणारे अतिसूक्ष्म कण, मोजून २०११ मध्ये जपानच्या कॅमलँड प्रयोगाने अंदाज दिला की किरणोत्साराचा वाटा साधारण निम्मा.

मग आपल्याला ऊब खालून मिळते का? चौरस मीटरमागे खालून येतो ०.०९ वॉट, सूर्याकडून वातावरणाच्या माथ्यावर सरासरी ३४०. ऊब वरूनच.

११ ऑगस्ट
कालच्या उत्तरवाचनात बसलेल्या एका मुलीचा ‘मग’: आत कोणी गेलं नाही, तर आत काय आहे ते कळलं कसं?

माणसाने पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर, १२,२६२ मीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे टोचणी पाव टक्काही आत गेली नाही. बाकीचं भूकंपाच्या लाटांनी सांगितलं. लाटा आत वाकत जातात आणि काही पट्ट्यांत पोचतच नाहीत, यावरून ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये गाभा ओळखला. आडव्या हलणाऱ्या लाटा द्रवातून जात नाहीत आणि त्या गाभ्यातून पलीकडे निघत नाहीत, तेव्हा गाभा द्रव. पण ज्या पट्ट्यात काहीच पोचायला नको तिथेही काही क्षीण लाटा नोंदल्या जात होत्या. इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये त्यांचा अर्थ लावला: द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. त्याची त्रिज्या १,२२० किलोमीटर, आणि तो घन आहे.

ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. “आतला गाभा तर बाहेरच्याहून गरम. मग द्रव बाहेरचा आणि घन आतला, हे उलटं नाही का?”

मित्राने हात वर केला. तिथला दाब ३३ लाख वातावरणांच्या घरात, आणि लोखंडाचा वितळणबिंदू दाबाने वर चढतो, इतका की पाच हजारांहून जास्त अंशांनाही ते वितळत नाही. बर्फाचा दाबाने उतरतो, कारण गोठताना पाणी फुगतं आणि दाब त्या फुगण्याच्या विरुद्ध जातो. लोखंड गोठताना आकसतं, म्हणून दाब त्याला गोठायलाच मदत करतो. बर्फाच्या उत्तराखाली हा परिच्छेद जोडायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.